ॲल्युमिनियमचं टिग वेल्डिंग: गॅसचं कवच आणि टॉर्चची जुळणी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड काळपट आणि खरबरीत येते. गॅस वाढवू का?

आधी गॅसच्या नॉबवरचा हात काढा. हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि विचारणाऱ्याने बहुतेक वेळा गॅस आधीच वाढवून पाहिलेला असतो. मिनिटाला आठ लिटरवरून बारा, बारावरून अठरा. तरी बीड, म्हणजे वितळून गोठलेली जोडाची रेघ, काळीच.

कारण गॅस नेहमी कमीच पडत असतो असं नाही. प्रमाणाबाहेर सोडलेला गॅस कपातून, म्हणजे टॉर्चच्या तोंडावरच्या नळकांड्यातून, बाहेर पडताना घुसळतो आणि आजूबाजूची हवा स्वतःबरोबर ओढून आणतो. पाण्याचा नळ थोडा उघडला की धार काचेसारखी पडते, पूर्ण सोडला की पांढरी, फेसाळ होते. त्या फेसात हवा असते. अरगॉनचं, म्हणजे आपल्या कवचाच्या गॅसचंही, तसंच होतं, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही.

टिगमध्ये टॉर्चमधल्या टंगस्टनच्या कांडीपासून कामापर्यंत विजेची आर्क पेटते, ती धातू वितळवते आणि गॅस हवेला त्यापासून दूर ठेवतो. सिलिंडरपासून वितळलेल्या डबक्यापर्यंत, म्हणजे आपण ज्याला पडल म्हणतो तिथपर्यंत, गॅसचा एक रस्ता आहे. रेग्युलेटर, नळी, टॉर्चचा दांडा, मागची टोपी, कोलेट बॉडी (टंगस्टन पकडणारं कोलेट जिच्यात बसतं ती), कप. बिघाड या रस्त्यात कुठेतरी असतो, किंवा गॅसचा काही संबंधच नसतो आणि प्लेट घाण असते. पुढची बरीचशी उत्तरं या रस्त्याबद्दलच आहेत.

ॲल्युमिनियमसाठी कोणता गॅस लागतो?

शुद्ध अरगॉन. किमान ९९.९९ टक्के, मिळत असेल तर ९९.९९५ किंवा त्याहून वरचा. ऐकायला हा फरक हास्यास्पद वाटतो, पण त्या उरलेल्या अंशात ओलावा असेल तर ॲल्युमिनियम ते लपवत नाही.

अरगॉन हवेच्या सुमारे १.४ पट जड आहे, त्यामुळे तो सपाट कामावर चादरीसारखा पसरून बसतो. शिवाय त्यात आर्क सहज लागते. तिसरा फायदा ॲल्युमिनियमसाठीच मोलाचा: एसीच्या, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेच्या, ज्या अर्ध्या चक्रात टंगस्टन धन असतं, त्या वेळी अरगॉनचे जड आयन कामाच्या पृष्ठभागावर आदळून ऑक्साइडचा थर फोडतात.

मिग (तारेने वेल्डिंग करणाऱ्या) मशीनला लावलेला मिक्स गॅस चालेल का?

नाही. त्यातला कार्बन डायऑक्साइड किंवा ऑक्सिजन टंगस्टन जाळतो. टोक काही सेकंदांत काळंपिवळं होऊन झडायला लागतं.

मग हेलियम कशासाठी वापरतात?

गंमत म्हणजे टिगची सुरुवातच हेलियमने झाली. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विमानांचे मॅग्नेशियमचे भाग जोडण्यासाठी रसेल मेरेडिथ यांनी ही पद्धत बसवली, तेव्हा गॅस हेलियम होता. ‘हेलिआर्क’ हे जुनं नाव त्यावरूनच आलं.

हेलियममध्ये आर्कचं व्होल्टेज जास्त राहतं, म्हणून तेवढ्याच अँपियरला उष्णता जास्त मिळते. जाड प्लेट किंवा जाड कास्टिंग असेल आणि मशीन अपुरं पडत असेल, तर २५ ते ५० टक्के हेलियमचं मिश्रण कामी येतं. पण हेलियम हवेपेक्षा सातपट हलका. तो पडलवर बसत नाही, वर उडून जातो, त्यामुळे प्रवाह बराच वाढवावा लागतो. शुद्ध हेलियमवर एसी आर्क लागायला आणि टिकायलाही कुरकुर करते.

एक खाचखळगा इथेच सांगतो. अरगॉनसाठी आखलेल्या गोळीच्या फ्लोमीटरमधून शुद्ध हेलियम सोडला, तर प्रत्यक्ष प्रवाह दिसणाऱ्या आकड्याच्या जवळपास तिप्पट असतो. हलका गॅस ती गोळी तेवढ्याच उंचीवर धरायला जास्त प्रमाणात वाहावा लागतो, म्हणून.

पाच-सहा मिलिमीटरपर्यंतच्या रोजच्या कामाला हेलियमची गरज नाही.

गॅस किती लिटरवर ठेवायचा?

मिनिटाला ७ ते १० लिटर, यात बहुतेक काम भागतं. ६ किंवा ७ नंबरच्या कपाला ७–८, ८ नंबरला ९–१०, १२ नंबरसारख्या मोठ्या कपाला १२ च्या पुढे. कप मोठा तर गॅस जास्त, कप लहान तर कमी. लहान कपातून मोठा प्रवाह सोडणं हीच घुसळणीची सगळ्यात पक्की सोय.

एकक मात्र बघून घ्या. काही फ्लोमीटर लिटर-प्रति-मिनिट दाखवतात, काही घनफूट-प्रति-तास. अमेरिकन व्हिडिओतला माणूस ‘वीसवर ठेवा’ म्हणतो, तेव्हा तो घनफुटांबद्दल बोलत असतो. ते झाले साधारण साडेनऊ लिटर. तोच वीसचा आकडा लिटरच्या मीटरवर लावला की गॅस दुपटीहून जास्त.

फ्लोमीटरवर आकडा बरोबर दिसतो, म्हणजे गॅस बरोबर आहे ना?

म्हणजे सिलिंडरच्या तोंडाशी बरोबर आहे. पुढच्या चार-आठ मीटर नळीत काय होतं ते फ्लोमीटरला कळत नाही. कपाच्या तोंडावर धरायचा छोटा गोळीचा मीटर मिळतो. तो घ्याच. मागे नऊ आणि पुढे सहा दिसले, तर तीन लिटर वाटेत कुठेतरी गळतात.

काचेच्या नळीचा फ्लोमीटर सरळ उभा हवा. तिरका असेल तर गोळी भिंतीला घासते आणि आकडा खोटा येतो. आणि घड्याळासारखे दोन डायल असलेला स्वस्त रेग्युलेटर खरं तर दाब मोजतो, प्रवाह नाही. पुढे कप अर्धा चोंदला तरी त्याचा काटा जागचा हलत नाही.

कपाचे नंबर कशाचे असतात, आणि कोणता घ्यावा?

नंबर म्हणजे तोंडाचा आतला व्यास, एक षोडशांश इंचाच्या हिशेबात. ४ नंबर म्हणजे पाव इंच, ६.४ मिमी. ६ नंबर ९.५ मिमी, ८ नंबर अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी.

ॲल्युमिनियमसाठी ७ किंवा ८ पासून सुरू करा. अरुंद खाचेत शिरायचं असेल तर ५ किंवा ६. फार मोठा कप स्टेनलेस किंवा टायटॅनियमवाल्यांना लागतो, कारण तिथे मागे राहिलेली गरम बीडही झाकावी लागते. ॲल्युमिनियमला तेवढे लाड लागत नाहीत.

तोंडावर टवका उडालेला कप फेकून द्या. गॅस त्या टवक्याच्या बाजूने कलतो, आणि मग बीडची एकच कड काळी का येते, याचं कोडं तुम्ही संध्याकाळपर्यंत सोडवत बसता.

गॅस लेन्स घ्यावी का?

घ्यावी. साध्या कोलेट बॉडीत गॅस चार भोकांतून आडवा फुटतो आणि कपाच्या भिंतीला आपटून खाली येतो. गॅस लेन्समध्ये बारीक जाळ्यांचे थर असतात, त्यातून तो गाळून सरळ, शांत खांबासारखा खाली उतरतो. हवेत थोडी हालचाल असली तरी हा खांब लवकर मोडत नाही, आणि टंगस्टन जास्त बाहेर काढायची मुभा मिळते.

पण ॲल्युमिनियमवर तिची एक अडचण आहे. एसीवर टंगस्टन कधीकधी थुंकतं, पडलमधूनही शिंतोडे उडतात, आणि ते जाळीत अडकतात. जाळीचा एक कोपरा बुजला की शांत खांबाची फाटकी चाळण होते, आणि मग साधी बॉडी परवडली असं वाटतं. कप काढून जाळी उजेडात धरून बघायची सवय ठेवा. लेन्सला तिच्या मापाचा वेगळा कप आणि वेगळं इन्सुलेटर लागतं. जुनंच इन्सुलेटर लावलं तर तिथून गॅस निसटतो.

टंगस्टन कपाच्या बाहेर किती ठेवायचं?

साध्या कोलेट बॉडीत कपाच्या आतल्या व्यासाच्या निम्म्यापर्यंत. म्हणजे ८ नंबरला साधारण ६ मिमी. गॅस लेन्स असेल तर आतल्या व्यासाइतकं आणि गरज पडली तर थोडं जास्त.

जोडाचा आकारही बघा. टी-जोडाच्या आतल्या कोपऱ्यात दोन्ही प्लेटा गॅसला धरून ठेवतात, तिथे टंगस्टन जास्त बाहेर काढलं तरी चालून जातं, आणि मुळापर्यंत पोचायला काढावंच लागतं. बाहेरच्या कोपऱ्यावर उलट. तिथे गॅस दोन्ही उतारांवरून ओघळून जातो. टंगस्टन आखूड करा, हात सावकाश चालवा, आणि जमलं तर कडेला एखादी पट्टी लावून गॅसला बांध घाला.

टॉर्च किती कलती धरायची?

उभ्यापासून १० ते १५ अंश मागे. मागे म्हणजे कपाचं तोंड पुढे, जिकडे जायचं तिकडे. फिलरची, म्हणजे जोडात भर घालायची, सळई समोरून, प्लेटपासून १५–२० अंशांवर.

नवशिक्याचं होतं काय, की त्याला पडल दिसत नाही. मान वाकवण्याऐवजी तो टॉर्च आडवी करतो. पंचेचाळीस अंशांवर गॅस पडलवरून पुढे निसटतो, मागच्या उघड्या फटीतून हवा आत खेचली जाते आणि आर्कची आच पडलऐवजी सळईवर जाते. सळईचं टोक पडलला टेकायच्या आधीच गोळा होऊन लोंबायला लागतं. हे लोंबणं दिसलं की समजा, टॉर्च आडवी झाली किंवा आर्क लांबली.

आर्कची लांबी टंगस्टनच्या जाडीइतकी, म्हणजे दोन-तीन मिलिमीटर. टंगस्टन पडलला टेकेल या भीतीने सगळेच आधी आठ-दहा मिमीवर धरतात. तेवढ्या उंचीवर आर्क पसरते आणि गॅसचं कवचही विरळ होतं.

सळईबद्दल एक सांगायचं राहिलं. पडलमधून मागे घेतली तरी तिचं तापलेलं टोक गॅसच्या छत्रीखालीच राहू द्या. हात मागे ओढून बाहेर काढलं तर टोकावर ऑक्साइड धरतो, आणि पुढच्या थेंबाबरोबर तो तुम्हीच पडलमध्ये घालता.

टंगस्टन कोणतं, आणि टोक कसं घासायचं?

इन्व्हर्टर मशीनवर २ टक्के लँथनम, निळ्या टोकाचं. मी बाकीची ठेवणंच सोडून दिलं. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनवर हिरव्या टोकाचं शुद्ध किंवा पांढऱ्या टोकाचं झिर्कोनियमचं चालतं. त्याच्या टोकाला गोळी धरू देतात. लाल टोकाचं थोरियमचं असतं. थोरियम किरणोत्सारी आहे आणि घासताना त्याची धूळ नाकात जाते, तेव्हा दुसरा पर्याय असताना ते हवंच कशाला?

जाडी ढोबळमानाने अशी: १०० अँपियरच्या आत १.६ मिमी, त्यापुढे दोनशेच्या आसपासपर्यंत २.४, त्याच्यावर ३.२. आणि अँपियर किती? दर मिलिमीटर जाडीला सुमारे ४०. तीन मिलिमीटरच्या प्लेटला १२० धरून चला.

घासताना रेषा लांबीच्या दिशेने याव्यात, गोल फिरवून नव्हे. टोक काढून झालं की अगदी शेंडा किंचित बोथट करा, नाहीतर तो एसीवर वितळून पडलमध्ये पडतो. टंगस्टन पडलला टेकलं की थांबा आणि परत घासा. ‘एवढी बीड पूर्ण करतो आणि मग घासतो’ असं म्हणणारा ती बीड दोनदा करतो.

गॅस आधी आणि नंतर किती वेळ सोडायचा?

आधी अर्धा सेकंद पुरतो. सकाळची पहिली आर्क मात्र अपवाद. रात्रभरात नळीच्या आत हवा आणि ओल शिरलेली असते, रबरी नळीत तर हमखास. काम सुरू करण्याआधी गॅस काही सेकंद तसाच वाहू द्या.

नंतरच्या गॅसचा हिशेब दर १० अँपियरला एक सेकंद. दीडशे अँपियरला पंधरा सेकंद. हे लांब वाटतं आणि गॅस वाचवायला लोक ते पाचावर आणतात. वाचलेला गॅस टंगस्टन घासण्यात आणि बदलण्यात जातो. थंड झाल्यावर टंगस्टन चांदीसारखं चकचकीत दिसायला हवं. निळं, जांभळं किंवा काळं पडलं तर ते उघड्या हवेत गार झालं.

आणि गॅस चालू असेपर्यंत टॉर्च जागची हलवू नका. आर्क विझली की हेल्मेट वर करून बीड बघायची घाई सगळ्यांनाच असते. हात तेवढा तिथेच राहू द्या, नाहीतर शेवटचा खड्डा उघडा पडतो.

गळती कशी शोधायची?

प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडे बघायचे. पण सगळ्या गळत्या बुडबुडे काढत नाहीत. काही ठिकाणी गॅस बाहेर येत नाही, हवा आत जाते.

माझी कामाची अर्धी पाळी एकदा यातच गेली. तीन मिलिमीटरची साधी प्लेट, कालपर्यंत आरशासारखी येणारी बीड, आणि त्या दिवशी प्रत्येक इंचावर काळे ठिपके. सिलिंडर बदलला. नळी बदलली. प्लेट दोनदा ॲसिटोनने पुसली. कपाच्या तोंडावरचा मीटर व्यवस्थित आठ लिटर दाखवत होता. शेवटी वैतागून टॉर्च पूर्ण खोलली, तेव्हा मागच्या टोपीतली रबरी रिंग सापडली. एका जागी चिरलेली, केसाएवढी. कपातून गॅस जोरात निघताना त्या चिरेतून मागची हवा आत ओढत होता. पुढचा मीटर हवा मिसळलेला गॅस मोजत होता आणि मी त्यावर विश्वास ठेवून बसलो होतो. नवीन रिंग घातली, टोपी घट्ट केली आणि पहिलीच बीड पांढरी आली.

तेव्हापासून मी उलट क्रमाने जातो: आधी टोपी आणि तिची रिंग, मग कोलेट बॉडी घट्ट आहे का, मग इन्सुलेटर, मग नळी. सिलिंडर सगळ्यात शेवटी. टोपी आवळताना जोर लावू नका, त्याने कोलेट पिळवटतं आणि टंगस्टन कपाच्या मध्यातून सरकतं.

बीडमध्ये बारीक भोकं दिसतात. हा गॅसचाच दोष ना?

असेलच असं नाही. ॲल्युमिनियममधली भोकं जवळजवळ नेहमी हायड्रोजनची असतात. वितळलेलं ॲल्युमिनियम घट्ट ॲल्युमिनियमच्या साधारण वीसपट हायड्रोजन पोटात ठेवू शकतं. गोठताना तो बाहेर यायला धडपडतो आणि वेळेत न सुटलेला बुडबुडा होऊन तिथेच अडकतो.

हायड्रोजन येतो पाण्यातून आणि तेलातून. कटिंगचं तेल, बोटांचा घाम, थंड जागेतून उबदार जागेत आणलेल्या प्लेटवर धरलेलं दव, महिनोन्‌महिने उघडी पडलेली सळई. प्लेट आधी ॲसिटोनने पुसा, मग स्टेनलेसच्या ब्रशने घासा. हाच क्रम. उलटं केलं तर ब्रश तेल आत चोळतो. तो ब्रश फक्त ॲल्युमिनियमसाठी बाजूला ठेवा. सळईही पुसा. फडक्यावर आलेला काळा पट्टा बघितला की पुढच्या वेळी सांगावं लागत नाही. ॲसिटोन पूर्ण उडून गेल्याशिवाय आर्क लावू नका.

क्लोरीन असलेलं डीग्रीझर किंवा ब्रेक क्लीनर इथे अजिबात वापरायचं नाही. आर्कच्या आचेने आणि किरणांनी त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

बीडच्या कडेला पांढरा पट्टा येतो. गॅस कमी पडतोय का?

उलट, तो चांगला आहे. दोन्ही बाजूंचा धुरकट पांढरा, अरुंद पट्टा म्हणजे आर्कने ऑक्साइड झाडून काढलेली जागा. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, त्याचा ऑक्साइड २०५० अंशांच्या पुढे. म्हणून तो आर्कनेच फोडावा लागतो.

पट्टा फार रुंद आणि टंगस्टनचं टोक गोळा होऊन फुगत असेल, तर क्लीनिंग जास्त झालंय. पट्टाच नाही आणि पडलवर काळी मिरपूड तरंगते, तर कमी. इन्व्हर्टरवर ऋण बाजू, म्हणजे टंगस्टन ऋण असण्याचा वेळ, ७० टक्क्यांच्या आसपास ठेवून सुरुवात करा. आणि मशीन चुकून डीसीवर राहिलं नाही ना, तेही बघा. पडलवर सुरकुतलेली साय धरते, काहीच जुळत नाही आणि शिव्या गॅसला बसतात.

पंखा चालू ठेवला तर?

तुमच्यावर रोखलेला पंखा बंद. मशीनचा स्वतःचा पंखाही विसरू नका. टेबलाखालच्या मशीनची गरम हवा टेबलाच्या कडेने वर येऊन पडलवर जाते, हे कित्येकांना वर्षानुवर्षं कळत नाही.

हवा खेळती मात्र हवी. अरगॉन हवेपेक्षा जड असल्याने टाकीत, खड्ड्यात, बंद पाइपात साठतो आणि ऑक्सिजन बाजूला सारतो. त्याला वास नाही, रंग नाही, सूचना न देता माणूस कोसळतो. ॲल्युमिनियमवरच्या झगझगीत आर्कने ओझोनही तयार होतो, तो घशाला झोंबतो. धूर बाजूने, सावकाश ओढणारी सोय ठेवा, पडलवर झोत मारणारी नको.

स्टेनलेससारखा मागूनही गॅस द्यावा लागतो का?

सहसा नाही. मागची बाजू नीट घासलेली असली की भागतं.

हवेवर गार होणारी टॉर्च पुरते का?

पातळ कामाला पुरते. १७ नंबरची टॉर्च १५० अँपियरची, २६ नंबरची २०० ची म्हणून ओळखली जाते, पण ते आकडे थांबत-थांबत केलेल्या कामाचे. एसीवर टॉर्च जास्त तापते. दांडा हातात धरवेना झाला की आतल्या रबरी रिंगा आधी कडक होतात, मग चिरतात. त्याचं पुढे काय होतं ते वर सांगितलंय. सलग दीडशेच्या वर काम असेल तर पाण्यावर चालणारी २० नंबरची घ्या. आकाराने ती लहानच आहे.

कामाला हात घालण्याआधी गॅस ठीक आहे की नाही, हे पटकन कसं ओळखायचं?

स्वच्छ घासलेल्या भंगार तुकड्यावर, सळई न वापरता, टॉर्च एका जागी उभी धरून एकच ठिपका वितळवा. पहिल्या क्षणी पृष्ठभाग मळकट दिसतो. मग मधोमध अचानक पाऱ्यासारखा चकचकीत ठिपका फुटतो आणि बाहेर पसरत जातो, त्याच्याभोवती पांढरं कडं. आर्क हळूहळू उतरवा, गॅस थांबेपर्यंत हात तिथेच ठेवा.

ठिपका आरशासारखा, कडं पांढरं, टंगस्टन चांदीसारखं असेल तर गॅसचा रस्ता मोकळा आहे. पुढे बीड बिघडली तर प्लेट किंवा सळई तपासा. ठिपक्याभोवती तपकिरी-काळी काजळी आली, पडल खदखदली किंवा टंगस्टनवर राखाडी साल चढली, तर टॉर्चची मागची टोपी काढा आणि रिंग बघा.